घर एक, कागद वेगवेगळे: अमेरिकेत स्थलांतरित कुटुंबांना सरकारी मदत कशी मिळते?

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला जे सल्ले फुकट मिळतात, त्यात एक हमखास असतो: "सरकारचं काही घेऊ नका, ग्रीन कार्ड अडकेल." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या एका वाक्यापायी गरोदर बाई तपासण्या पुढे ढकलते, नोकरी गेलेल्या घरातलं तिथेच जन्मलेलं मूल विम्याशिवाय राहतं, आणि मुलाकडे राहायला आलेले आईवडील रक्तदाबाच्या गोळ्या भारतातून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगेतून मागवत बसतात. यातल्या काहींना खरोखरच काही मिळणार नसतं. काहींना मात्र कायद्याने मिळत असतं आणि ग्रीन कार्डाशी त्याचा काडीचाही संबंध नसतो.

कोण कुठे मोडतं हे शोधणं किचकट आहे, पण जमण्यासारखं आहे. उदाहरणं बहुतेक न्यू जर्सीची घेतो. मराठी माणसं तिथे भरपूर, शिवाय हा विषय राज्याची हद्द ओलांडली की बदलतो. मोघम बोलण्यापेक्षा एका ठिकाणी पाय रोवून बोललेलं बरं.

आणि मराठी माणसाला कशाला लागते सरकारी मदत, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: आयटीतल्या पगारांच्या आड बरंच काही झाकलं जातं. ग्रोसरीच्या दुकानात तासावर काम करणारे आहेत, ले-ऑफ झालेले आहेत, नवऱ्यापासून वेगळी झालेली आणि कामाचा परवाना नसलेली एच-फोरवरची (म्हणजे एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकामुलांना मिळणाऱ्या व्हिसावरची) बाई आहे. साठी-सत्तरीतले आईवडील तर घरोघरी आहेत.

आधी हिशेब माणसांचा

आपल्याकडे शिधापत्रिका घराची असते. कुटुंबप्रमुखाचं नाव वर, बाकीच्यांची खाली, आणि कार्ड पिवळं तर सगळं घर पिवळं. अमेरिकेत तसं नाही. तिथे प्रत्येक माणसाचे कागद वेगळे तपासतात. समजा न्यू जर्सीतल्या एडिसन गावचं एक घर आहे. वडील एच-वनवर, आई एच-फोरवर, मोठी मुलगी नाशिकला जन्मली म्हणून तीही एच-फोरवर, आणि धाकटा तिथल्याच हॉस्पिटलात जन्मला म्हणून अमेरिकन नागरिक. अर्ज एकच भरायचा, पण त्याची चार उत्तरं येऊ शकतात. "आम्हाला मिळेल का?" असं विचारलं की काउंटरवरचा माणूसही गोंधळतो. "धाकट्याला मिळेल का? मोठीला मिळेल का?" असं विचारलं की उत्तर मिळतं.

घोळ होतो तो पुढे. कागद ज्याचे त्याचे असले तरी उत्पन्न घराचं एकत्र धरतात. म्हणजे वडिलांना स्वतःला काही मिळणार नसलं तरी मुलाच्या अर्जात त्यांचा पगार लिहावा लागतो. अर्जात नाव असणं वेगळं आणि अर्जदार असणं वेगळं, हा फरक कळला की निम्मी भीती गळून पडते.

आता कागदांची उतरंड. २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने केंद्र सरकारच्या मोठ्या योजनांसाठी परदेशी नागरिकांची चाळणी लावली. गरिबांचा आरोग्य विमा म्हणजे मेडिकेड, मुलांचा विमा म्हणजे चिप, आणि अन्नासाठीचं स्नॅप (जुने लोक अजून 'फूड स्टॅम्प' म्हणतात) या सगळ्यांत नव्या ग्रीन कार्डधारकाला साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं. एच-वन, एच-फोर, विद्यार्थी, व्हिजिटर यांना मूळ चाळणीतच जागा नाही. निर्वासितांना पूर्वी थांबावं लागत नसे. पण ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या नव्या कायद्याने स्नॅपमधून त्यांना आणि आश्रय मिळालेल्यांना वगळलं, आणि मेडिकेडमध्येही १ ऑक्टोबर २०२६ पासून तीच कात्री लागते. ग्रीन कार्डधारक दोन्हीकडे टिकले, पाच वर्षांच्या अटीसह.

या अटीला भोकंही आहेत, आणि ती बहुतेकांना माहीत नसतात. ग्रीन कार्ड असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला स्नॅपसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही. २००९ साली राज्यांना एक मुभा मिळाली: कायदेशीरपणे राहणाऱ्या मुलांना आणि गरोदर बायकांना पाच वर्षांची वाट न पाहता मेडिकेड किंवा चिप देता येईल. ज्या राज्यांनी ही मुभा घेतली, तिथे 'कायदेशीरपणे राहणाऱ्या'त एच-फोरवरची आई आणि मुलगीही येऊ शकते. न्यू जर्सीने ती घेतली आहे. त्याच्या पुढे जाऊन १ जानेवारी २०२३ पासून त्या राज्यात १९ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला, कागद काहीही असोत, उत्पन्नात बसत असेल तर 'एनजे फॅमिलीकेअर'चा (तिथल्या मेडिकेड-चिपचं हे नाव) विमा मिळतो. मुलांसाठीची उत्पन्नाची मर्यादाही बरीच वर आहे, दारिद्र्यरेषेच्या ३५५ टक्के. २०२५ च्या आकड्यांनी चार माणसांच्या घरासाठी ते वर्षाला सुमारे १ लाख १४ हजार डॉलर होतात. हा आकडा ऐकून बरेच जण पुन्हा एकदा पगाराची स्लिप काढून बघतात.

काही गोष्टींत कागद मुळी विचारतच नाहीत. शाळेतलं मोफत किंवा सवलतीचं जेवण उत्पन्नावर ठरतं. गरोदर बाया, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठीच्या 'विक' योजनेत दूध, अंडी, कडधान्यं, बाळाचा फॉर्म्युला मिळतो. तिथेही स्टेटस विचारत नाहीत. विमा नसलेल्या मुलांच्या लशी १९९४ पासून सरकारी कार्यक्रमातून येतात. डॉक्टर त्या देण्याची थोडी फी घेऊ शकतो, पण लशीचे पैसे घेऊ शकत नाही. आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत १९८६ च्या कायद्यानुसार आधी माणसाला तपासून स्थिर करावंच लागतं. विमा आणि पासपोर्ट नंतर. बिल मात्र येतंच. त्याच्याकडे पुढे वळू.

'पब्लिक चार्ज'चं भूत

ग्रीन कार्ड अडकण्याची भीती कुठून आली? त्यामागे खरा कायदा आहे. सरकारच्या जिवावर राहील असा माणूस म्हणजे 'पब्लिक चार्ज', आणि त्याला देशात घेऊ नये ही तरतूद १८८२ पासून आहे. तिचा वापर कसा होतो हे नेहमीच तिथल्या राजकारणावर ठरलं. १९१० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंडवर बोटीतून उतरलेल्या कित्येक हिंदुस्थानी मजुरांना, बहुतेक पंजाबी, याच कलमाखाली परत पाठवलं गेलं. धडधाकट, मिळेल ते काम करायला तयार असलेली माणसं होती ती. त्यांना नको म्हणायला दुसरं कलम सापडलं नाही, इतकंच.

अलीकडचा इतिहास असा. २०१९ साली नियम कडक केले. फेब्रुवारी २०२० पासून मेडिकेड, स्नॅप आणि घरभाड्याची मदतही विरोधात मोजली जाऊ लागली. मार्च २०२१ मध्ये तो नियम गेला. पण त्या वर्षभरात जी घबराट पसरली ती नियमाबरोबर गेली नाही. आज व्हॉट्सॲपवर फिरणारे बरेचसे मेसेज त्याच काळातले आहेत. मजा म्हणजे तेव्हासुद्धा गरोदर बाईचं आणि २१ वर्षांखालच्या मुलांचं मेडिकेड मोजलं जात नव्हतं. घाबरून ज्यांनी मुलांची नावं काढली, त्यांना काढायची गरजच नव्हती.

२३ डिसेंबर २०२२ पासूनच्या नियमात दोनच गोष्टी मोजायच्या ठरल्या: पोटापाण्यासाठी दिली जाणारी रोख सरकारी मदत, आणि सरकारी खर्चाने नर्सिंग होमसारख्या संस्थेत दीर्घकाळ राहणं. साधं मेडिकेड, चिप, स्नॅप, विक, शाळेचं जेवण, लशी यांतलं काही मोजायचं नाही. आणि मोजायचं ते ज्याचा अर्ज आहे त्याने स्वतः घेतलेलं. नागरिक असलेल्या मुलाने घेतलेला विमा बापाच्या नावावर चढत नाही.

हे तपासतात कधी? ग्रीन कार्डचा अर्ज करताना, किंवा इमिग्रंट व्हिसावर देशात येताना. ग्रीन कार्डधारक नागरिकत्वाचा अर्ज करतो तेव्हा ही कसोटी लागत नाही. निर्वासितांना आणि आश्रय मिळालेल्यांना ती लागतच नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र गृहसुरक्षा खात्याने हा २०२२ चा नियमच काढून टाकायचा आणि अधिकाऱ्याच्या मर्जीला जास्त वाव द्यायचा प्रस्ताव मांडला. म्हणून माझं मत असं: ज्याचा स्वतःचा ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे किंवा लवकरच करायचा आहे, त्याने स्वतःसाठी मदत घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. पण त्या सावधगिरीची झळ नागरिक असलेल्या मुलाला लागू देऊ नये. मूल आजारी पडलं तर त्याला विमा लागणार, आणि तो त्याच्या हक्काचा आहे.

ग्रीन कार्डवर आलेले आईवडील

मराठी घरांत सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. आणि सगळ्यात मोठा खर्चही.

नागरिक झालेला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना स्पॉन्सर करते, तेव्हा एका प्रतिज्ञापत्रावर सही करते: यांचा भार मी उचलीन. त्यासाठी उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के दाखवावं लागतं. नवरा-बायको, एक मूल आणि दोन आईवडील अशा पाच जणांसाठी २०२५ च्या हिशेबाने सुमारे ४७ हजार डॉलर. ही सही औपचारिक नाही. आईवडिलांनी उत्पन्नावर आधारलेली मदत घेतली तर ती देणारी सरकारी संस्था स्पॉन्सरकडे पैसे मागू शकते. शिवाय त्यांची पात्रता ठरवताना स्पॉन्सरचं उत्पन्नही त्यांचंच धरलं जाऊ शकतं. हे बंधन आईवडील नागरिक झाले, किंवा त्यांच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या (दहा वर्षं) जमल्या, किंवा ते कायमचे परत गेले की सुटतं. पाच वर्षं झाली म्हणून आपोआप सुटत नाही, आणि इथेच लोक फसतात.

दुसरा गैरसमज: "मी वीस वर्षं मेडिकेअरचा टॅक्स भरतोय, मग आईबाबांना मेडिकेअर मिळेलच." तसं होत नाही. मेडिकेअर ही ६५ वर्षांवरच्यांची योजना, आणि तिचा हॉस्पिटलचा भाग फुकट मिळायला स्वतः किंवा जोडीदाराने चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षं, काम केलेलं असावं लागतं. मुलाची दहा वर्षं चालत नाहीत. ज्यांनी काम केलेलं नाही त्यांना मेडिकेअर विकत घेता येते, पण ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावर. २०२६ चे दर हॉस्पिटलच्या भागासाठी महिन्याला ५६५ डॉलर आणि डॉक्टरच्या भागासाठी २०२.९० डॉलर, तेही माणशी. आणि सलग म्हणजे सलग. दर हिवाळ्यात सहा-सात महिने पुण्याला जाऊन राहणाऱ्यांना हा हिशेब नंतर जड जातो. पाच वर्षं भरली की नाव नोंदवण्याची मुदतही ठरलेली असते. ती चुकली तर डॉक्टरच्या भागाच्या हप्त्यावर दर वर्षाच्या उशिराला दहा टक्के दंड, आणि तो पुढे चालूच राहतो.

मग पहिली पाच वर्षं काय करायचं? विम्याच्या सरकारी बाजारातून खासगी विमा घ्यायचा. ग्रीन कार्डधारकाला तो ६५ च्या पुढेही घेता येतो, आणि आधीपासूनचा मधुमेह किंवा बायपास झालेली आहे म्हणून कंपनी नाही म्हणू शकत नाही. न्यू जर्सीत या बाजाराचं नाव 'गेट कव्हर्ड एनजे'. देशात आल्यापासून साठ दिवसांत अर्ज करावा लागतो, नाहीतर वर्षाअखेरीच्या खुल्या नोंदणीची वाट बघत बसावं लागतं. आईबाबा आल्यावर पहिला महिना नायगारा आणि वॉशिंग्टन बघण्यात जातो, दुसरा जेट लॅग उतरण्यात आणि नातवंडांत, आणि साठ दिवस उलटून जातात. आधी अर्ज, मग नायगारा.

या विम्याच्या हप्त्यावर सवलत मिळते, पण तिचं गणित २०२६ पासून बदललं. पूर्वी ज्या ग्रीन कार्डधारकाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली आहे आणि पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड मिळत नाही, त्यालाही सवलत मिळे. कित्येक आईवडिलांचा विमा त्यामुळे जवळजवळ फुकटात होत असे. १ जानेवारी २०२६ पासून ती सोय बंद झाली. आता सवलत हवी तर वर्षाचं उत्पन्न किमान दारिद्र्यरेषेइतकं लागतं. दोघांसाठी, २०२६ च्या विम्याला, २१,१५० डॉलर.

इथे भारतातलं उत्पन्न कामी येतं. ग्रीन कार्ड घेतलं की माणूस अमेरिकेचा करदाता होतो आणि जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न टॅक्स रिटर्नमध्ये दाखवणं बंधनकारक होतं. राज्य सरकारची पेन्शन, बँकेतल्या एफडीचं व्याज, कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं, सगळं. "तिकडचं तिकडेच राहू दे" असं म्हणून ते लपवणाऱ्यांचं दुहेरी नुकसान होतं: कायदा मोडतो, आणि जे उत्पन्न दाखवून सवलतीला पात्र ठरता आलं असतं तेही जातं. आईवडिलांनी स्वतंत्र रिटर्न भरायचा की मुलाने त्यांना आपल्या रिटर्नमध्ये अवलंबित दाखवायचं, यावरही सवलत फिरते, कारण अवलंबित दाखवलं की मुलाचं उत्पन्न हिशेबात येतं. हे टॅक्सवाल्याशी जानेवारीतच बोलून घ्यावं.

व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यांना यातलं काही नाही. त्यांनी निघायच्या आधी प्रवासी विमा घ्यावा आणि त्यात जुन्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते बारीक अक्षरांसकट वाचावं.

नोकरी जाते तेव्हा

एडिसनच्या त्या घरात वडिलांचा ले-ऑफ झाला असं धरा. एकाच वेळी साठ-साठ दिवसांची दोन घड्याळं सुरू होतात. एच-वनवर नोकरी सुटल्यावर देशात राहायला साधारण साठ दिवस मिळतात. आणि विमा संपल्यापासून साठ दिवसांत नवा घ्यायचा असतो. सगळ्यांचं लक्ष पहिल्या घड्याळाकडे असतं.

कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवायची सोय म्हणजे 'कोब्रा'. साधारण अठरा महिने चालतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. आकडा बघून डोळे पांढरे होतात. त्यात एक फायदा आहे. कोब्रा घ्यायचा की नाही ते ठरवायला साठ दिवस असतात, आणि घेतला तर तो विमा संपल्याच्या दिवसापासून लागू होतो. म्हणजे त्या साठ दिवसांत कुणाचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तर तेव्हाही घेता येतो. मागचे हप्ते भरावे लागतात, एवढंच.

मुलांसाठी मात्र ताबडतोब 'एनजे फॅमिलीकेअर'चा अर्ज करावा. मेडिकेड चालू महिन्याचं उत्पन्न बघतं; जानेवारी ते जुलै चांगला पगार होता म्हणून ऑगस्टमध्ये नाकारत नाहीत. विम्याचा बाजार उलट वर्षाचं उत्पन्न बघतो. हा फरक न कळल्यामुळे "आमचं उत्पन्न जास्त आहे" म्हणत लोक अर्जच करत नाहीत. आई गरोदर असेल तर तिचा अर्जही त्याच वेळी करावा. एच-वन, एच-फोरवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट: बाजारातल्या विम्यावरची त्यांची सवलत १ जानेवारी २०२७ पासून बंद होते. पूर्ण किमतीला विमा घेता येतो.

फॉर्म भरताना

फॉर्म ऑनलाइन असो की काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) कचेरीतला कागदी, त्यात घरातल्या प्रत्येकासाठी एक पान असतं आणि त्यावर प्रश्न असतो: या व्यक्तीला कव्हरेज हवं आहे का? ज्याला नको त्याच्यापुढे 'नाही'. एकदा 'नाही' म्हटलं की त्या माणसाची इमिग्रेशनची माहिती देण्याची गरज नाही, सोशल सिक्युरिटी नंबर देण्याची सक्ती नाही. उत्पन्न मात्र खरं लिहायचं. मदत करणाऱ्याने इथे उत्साहाच्या भरात सगळ्यांचे सगळे रकाने भरू नयेत.

'तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का?' या प्रश्नापुढे घाईघाईत 'हो' वर खूण केली, तर ती पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व दोन्हींच्या आड येऊ शकते. खोटा नागरिकत्वाचा दावा हा तिथल्या कायद्यात फार गंभीर गुन्हा मानतात. आणि एक अनपेक्षित खड्डा: १९९३ च्या कायद्यानुसार सरकारी मदतीच्या कचेऱ्यांनी येणाऱ्या माणसाला मतदार नोंदणीचा फॉर्मही द्यायचा असतो. कागदांच्या गठ्ठ्यात तो हळूच येतो. इंग्रजी कमी येणारे आजोबा दिसेल तिथे सही करतात. ग्रीन कार्डवाल्याने त्यावर सही करायची नाही. 'नको' म्हणून परत द्यायचा. कचेरीतला माणूस मुद्दाम फसवत नसतो, तो त्याचं काम करत असतो. सावध आपण राहायचं.

कागद म्हणून पासपोर्ट, ग्रीन कार्ड किंवा व्हिसाचे कागद, भाडेकरार किंवा विजेचं बिल, पगाराच्या स्लिपा एवढं बहुधा पुरतं. मुलांच्या लसीकरणाचं भारतातलं पुस्तक जपून आणावं. शाळेत प्रवेशाला लागतं, आणि नसलं तर झालेल्या लशी पुन्हा टोचतात.

अर्ज भरून देणारे प्रशिक्षित मदतनीस सरकारमान्य असतात आणि पैसे घेत नाहीत. २११ हा फोन नंबर लावला की जवळचे मदतनीस, अन्नाची मदत, दवाखाने यांची माहिती मिळते. "शंभर डॉलर द्या, मेडिकेड मिळवून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत यावं. इमिग्रेशनचा सल्ला फक्त वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधीच देऊ शकतो; मंडळातले काका नाही, टॅक्सवालाही नाही.

घरात कुणी कागदपत्रांशिवाय राहत असेल तर जास्त जपून. २०२५ मध्ये मेडिकेडची माहिती केंद्राच्या आरोग्य खात्याने इमिग्रेशन यंत्रणेला दिल्याचं उघड झालं आणि त्यावरून राज्यं न्यायालयात गेली. अशा घराने अर्ज करण्याआधी कायदेशीर सल्ला घ्यावाच. उत्पन्न बघून फी ठरवणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांचा वादही न्यायालयात गेला. जुलै २०२५ मध्ये केंद्राने त्यांच्यावरही स्टेटसची अट आणायचा घाट घातला; न्यू जर्सी, न्यूयॉर्कसह अनेक राज्यांनी दावा लावला आणि सप्टेंबरमध्ये त्या राज्यांपुरती स्थगिती मिळाली.

दवाखान्यात मराठी

सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याने इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला दुभाषा फुकट द्यायचा असतो. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि नंतरचा आरोग्य विम्याचा कायदा, दोन्हींत ते आहे. मराठी दुभाषे फोनवर मिळतात. अपॉइंटमेंट घेतानाच सांगावं: "मराठी इंटरप्रिटर हवा." "हिंदी चालेल का?" असा प्रश्न येतो. आजींना हिंदी सिरियलपुरतं कळत असेल तर 'नाही, मराठीच' म्हणावं.

मुलगा किंवा सून सोबत असताना दुभाषा कशाला, असं घरच्यांना वाटतं. तपासणीच्या खोलीत काय होतं ते बघा. डॉक्टर विचारते, "काय त्रास होतोय?" आजी मुलाकडे बघतात, पदर सारखा करतात आणि म्हणतात, "काही नाही, जरा पित्त झालंय." मुलगा इंग्रजीत सांगतो, ॲसिडिटी. गेले तीन महिने अंगावरून जातंय, रात्री लघवी कपड्यात होते, हे आजी मुलासमोर या जन्मात बोलणार नाहीत. सुनेसमोरही नाही, कारण ते पुन्हा मुलापर्यंत पोचणार. मुलगा बाहेर बसला आणि फोनवरून कुठली तरी अनोळखी बाई "बोला आजी, मी ऐकतेय" म्हणाली, की त्या बोलतात. लहान नातवाला दुभाषा करणं तर, जिवावरचा प्रसंग सोडला तर, नियमातच बसत नाही.

नवऱ्याने सतत सोबत राहून बायकोऐवजी उत्तरं द्यायची, हा प्रकार नर्सच्याही लक्षात येतो. अशा घरातून बाहेर पडू पाहणाऱ्या दक्षिण आशियाई बायकांसाठी न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून काम करते.

बिल आल्यावर

इमर्जन्सीत आठ तास काढले आणि महिन्याने पाच आकडी बिल आलं, की लोक दोन गोष्टी करतात: क्रेडिट कार्डावर भरून टाकतात, किंवा पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये टाकतात. दोन्ही करू नये. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला फोन करून दोन गोष्टी मागाव्यात: तपशीलवार बिल, आणि आर्थिक सवलतीचा अर्ज. नफ्यासाठी न चालणाऱ्या हॉस्पिटलांना अशी सवलतीची योजना ठेवावीच लागते, आणि घरी गेल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो. न्यू जर्सीत 'चॅरिटी केअर' आहे: उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत असेल तर हॉस्पिटलचं पात्र बिल माफ, तिपटीपर्यंत असेल तर काही अंशी. बचतीचीही मर्यादा असते, एकट्यासाठी ७,५०० आणि कुटुंबासाठी १५,००० डॉलर. त्या राज्यात राहणाऱ्याला ती मिळते, इमिग्रेशन स्टेटस काहीही असलं तरी. मात्र हॉस्पिटलचं बिल माफ झालं तरी ॲनस्थेशियावाल्याचं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं येऊ शकतं. त्यांना वेगळा फोन.

विमा मिळाला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि टपालाकडे बघणं सोडतात. मेडिकेडचं नूतनीकरण दर वर्षी असतं, आणि त्याचा कागद टपालानेच येतो. घर बदललं, पत्ता कळवला नाही, पाकीट जुन्या अपार्टमेंटला गेलं, उत्तर गेलं नाही, विमा बंद. उत्पन्न तेच, मूल तेच, कागद तेच, तरी बंद. बंद झाल्यापासून नव्वद दिवसांत राहिलेली माहिती पाठवली तर बहुतेक वेळा नवा अर्ज न करता तो पुन्हा सुरू होतो. तेव्हा घर बदलताना ॲमेझॉनला नवा पत्ता कळवाल, त्याच बैठकीत 'फॅमिलीकेअर'लाही कळवा.